न लावलेली लाल चिठ्ठी

फ्रीज दुरुस्तीचं काम मला धुळ्याच्या नानांनी शिकवलं. त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढून मी जळगावला, मेहरूणमध्ये, स्वतःचं दुकान थाटलं. नव्वदचं दशक संपत आलं असताना पुण्याला दोन दिवसांच्या वर्गात नवा गॅस पाहिला, प्रोपेन आणि आयसोब्यूटेनचं मिश्रण. जुन्याच्या निम्म्याहून कमी भरावा लागे, कॉम्प्रेसर कमी तापे, वीज कमी लागे. पण तो पेटणारा होता. म्हणून शिकवणाऱ्यांनी गॅसचं नाव आणि पेटण्याचा इशारा छापलेल्या लाल चिठ्ठ्या दिल्या होत्या. ज्या फ्रीजमध्ये हा गॅस भराल त्याच्या कॉम्प्रेसरवर चिठ्ठी चिकटवायचीच.

मी चिकटवल्या नाहीत. चिठ्ठी वाचून दुसरे मिस्त्री या गॅसच्या मागे लागतील आणि माझी गिऱ्हाइकं जातील, एवढंच डोक्यात होतं.

सावद्याच्या एका थंड पेयांच्या दुकानातल्या कूलरमध्ये मी तो भरला. त्या उन्हाळ्यात नाना चार दिवस माझ्याकडे राहायला आले, तेव्हा कौतुकानं त्यांना तो कूलर दाखवायला नेलं. त्यांनी कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला, मग वायरला मीटर लावला.

"भलता कमी करंट खाई ऱ्हायना. काय भरेल शे यामा?"

"नेहमीचाच गॅस, नाना. फक्त कॉइल धुतली."

"मंग धुळाले ये, मना बठ्ठा फ्रीजसले आंघोळ घाल."

दुकानदार हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी लग्नासाठी साक्रीला गेलो. मागे सावद्याहून फोन आला, कूलर गार करत नाही. माझ्या जागी नाना गेले. नळीला बारीक चीर होती. जुना गॅस पेटत नसे, त्यामुळे आम्हा सगळ्या मिस्त्र्यांना एक सवय होती : गॅस सोडून द्यायचा आणि नळीत उरलेल्याची फिकीर न करता चीर झाळून बुजवायला पेटती टॉर्च लावायची. नानांनी तेच केलं.

उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात मी त्यांच्या कानाशी वाकून खरं सांगितलं.

"माले सांगं असतं, ते मी बी शिकी लेतू."

तेवढ्यात सावद्याचा दुकानदार भेटायला आला. काय झालं, असं त्यानं विचारलं. नाना म्हणाले, "मनीच टॉर्च भडकनी, भाऊ." मी खाटेला टेकून उभा होतो.

नानांची बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. धुळ्याचं दुकान बंद झालं.

नाना दवाखान्यात होते त्याच आठवड्यात मी तो गॅस भरलेल्या प्रत्येक फ्रीजवर चिठ्ठी लावत फिरलो. सावद्याला कूलरमागे बसून चिकटवत होतो, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "हे आता कशाला?"

"नवा नियम निघालाय," मी म्हणालो.