टिकलीवालं बटन

गडचांदूरला राहिलेल्या माणसाला सिमेंटची धूळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सकाळी ओटा पुसा, दुपारी त्यावर बोटानं नाव लिहा! आमच्या कॉम्प्युटरच्या किश्श्यांचंही तसंच आहे. दर दिवाळीला आम्ही तिघं भेटतो, सगळे किस्से सांगून संपवतो, आणि पुढच्या दिवाळीला पाहावं तर पुन्हा तेवढेच साठलेले. त्यातले निम्मे पव्या वाढवून सांगतो, ते सोडून द्या.

तिघं म्हणजे मी, प्रवीण ऊर्फ पव्या आणि मंगेश. मी आता कुरखेड्याला शाळेत शिकवतो, पव्या पोंभुर्ण्याकडे वनरक्षक आहे आणि मंगेश पुण्याला कंपनीत. पण कॉलेजात असताना आमचा तिघांचा पत्ता एकच होता, मंगेशच्या घराची समोरची खोली. त्याचे वडील सिमेंट कारखान्यात शिफ्टवर जायचे. ते आमचे काका. त्याची आई म्हणजे काकू. आणि त्या खोलीत टेबलावर बसलेला होता आमचा कॉम्प्युटर!

*

गेम खेळायला कन्सोल घ्यायचा की पीसी बनवायचा, यावर आम्ही अख्खा पावसाळा भांडलो होतो.

पव्या कन्सोलच्या पार्टीत. "डब्बा आणला, टीव्हीले लावला, खेळून राह्यलो. खतम!" मी पीसीवाला. पीसी कसा, ऐपतीप्रमाणे जमवता येतो. आज जुना प्रोसेसर घ्या, पुढच्या वर्षी ग्राफिक्स कार्ड. बिघडला तर आपला आपण उघडता येतो. मंगेश ज्याच्या शेजारी बसेल त्याच्या बाजूनं बोलायचा.

घर काकांचं, म्हणून निकाल त्यांच्याकडे गेला. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि एकच प्रश्न विचारला, "यातल्या कोणत्यात अभ्यास होते?"

कन्सोल जागच्या जागी हरला!

पीसी सुरू झाला त्या दिवशी काका मुद्दाम अभ्यास बघायला येऊन उभे राहिले. पडद्यावर गाड्यांची शर्यत चाललेली. "हा कोणता विषय हाये?" पव्या म्हणाला, "भूगोल हाये, काका."

काकांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "घाट चांगला हाये."

*

जोडणी आम्ही जमिनीवर चादर अंथरून केली होती. सुटे भाग जुने, कुठून कुठून आणलेले. कॅबिनेट तर एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानातलं. सगळं बसलं, झाकण लागलं, आणि चादरीवर मूठभर स्क्रू उरले.

आमचे चेहरे पडले. इतके स्क्रू उरले म्हणजे आत काहीतरी लटकत असणार! काकूंनी ते स्क्रू उचलून बटणांच्या डबीत टाकले. "उरले तं चांगलंच हाये ना. कमी पडले असते मंग?"

त्यातलाच एक पुढे त्यांच्या शिलाई मशीनला बसला. ती मशीन आजही चालते. पव्या म्हणतो, आपण जोडलेल्या मशीनपैकी तीच सगळ्यात चांगली निघाली.

*

मे महिन्यात आमच्याकडे माणूस वाळतो, तिथे कॉम्प्युटरची काय कथा. गेम रंगात आला की पीसी तापून बंद पडायचा. आम्ही कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून टाकलं, तरी भागेना. मग मंगेशनं टेबल ओढलं आणि कॅबिनेट थेट खिडकीतल्या कूलरसमोर ठेवलं. पंप चालू, वाळा ओला, गार गार हवा. पीसी खूश!

तेवढ्यात काका शिफ्ट करून आले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. खोलीत बघतात तर कूलरसमोर त्यांची खाट नाही, आमचा डबा.

"मी बी गरमच होतो रे," काका म्हणाले. "माह्यं बी ढक्कन काढा!"

*

पण कूलरची हवा म्हणजे नुसती हवा नसते, त्यात पाण्याचे बारीक थेंब असतात, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्या दिवशी पीसी मेला. आतला मदरबोर्ड हाताला ओलसर लागत होता.

आता काय? वाळवणाचे दिवस. गच्चीवर जुन्या साडीवर काकूंच्या कुरडया आणि गव्हाचे सरगुंडे पसरलेले. त्याच साडीवर, एका कडेला, आम्ही मदरबोर्ड ठेवला. शेजारच्या बाई गच्चीवर आल्या आणि वाकून बघायला लागल्या.

"काऊन जी, हे कोणते पापड?"

"पोरायचे हायेत," काकू मान वर न करता म्हणाल्या. "तळता येत नाई."

*

त्या वाळवणातून पीसी जिवंत झाला खरा, पण एक खोड घेऊन. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, वीज बंद असतानाही तारीख-वेळ लक्षात ठेवायला. ती उन्हात कामातून गेली. त्यात विजा चमकायला लागल्या की काकू घरातली प्रत्येक पिन उपटून ठेवायच्या, आणि पुढे ती सवयच झाली. त्यामुळे पीसीला रोज सगळ्याचा विसर पडायचा. सुरू केला की लांब बीप, काळा पडदा, त्यावर इंग्रजी मजकूर, आणि पुढे ढिम्म.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा आमच्यात जुंपली. तू हलवला, तू कूलर लावला, तू तर जन्मापासून कन्सोलवाला! कोणी पडदा वाचायला तयार नाही. काकू कणीक मळता मळता बाहेर आल्या. कीबोर्डवरची धूळ बघून त्यांना राहवलं नाही, त्यांनी पदरानं तो पुसला. आणि पीसी सुरू!

नंतर आम्ही मजकूर वाचला. 'पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा' एवढंच लिहिलं होतं. पण तोवर काकूंच्या हाताचा गुण ठरून गेला होता. त्यांनी ते बटन नीट विचारून घेतलं आणि सापडायला सोपं जावं म्हणून त्यावर आपली लाल टिकली चिकटवली.

तेव्हापासून रिवाजच पडला. बीप वाजला की आम्ही ओरडायचो, "काकू, अटकलं!" काकू पिठाच्या हातानं बाहेर यायच्या, बटन दाबायच्या, कोण जिंकून राह्यलं ते विचारायच्या, कोण जेवला नाही ते ओळखायच्या आणि आत जायच्या.

*

एकदा पंख्याचा घर्र घर्र आवाज वाढला म्हणून पीसी चंद्रपूरला दुकानात नेला. दुकानदारानं झाकण उघडलं. आत पांढऱ्या धुळीचा थर. त्यानं वर बघितलंही नाही.

"गडचांदूरचा का?"

त्यानं हवा मारून पीसी साफ केला आणि म्हणाला, "याची बॅटरी गेली आहे. छोटीशी असते. नवी बसवून देऊ?"

पव्या म्हणाला, "नको. आमच्याकडे काकू आहेत."

*

कारखान्याच्या कॉलनीत एका साहेबाच्या मुलाकडे कन्सोल होता. त्यानं आम्हाला बोलावलं. एसी, मोठा टीव्ही, काचेच्या ग्लासात सरबत. एक बटन दाबलं की गेम सुरू, तापणं नाही, अडकणं नाही. पव्या तर भारावून गेला. परत येताना तो एकटाच मागे रेंगाळला, तेव्हा मी विचारलं,

"काय झालं रे? आवडला ना?"

"गेम एक नंबर हाये," तो म्हणाला. "पण तिथी कोणी ओरडतच नाई."

*

मग आम्ही पांगलो. ज्याला जिथे नोकरी तिथे तो. पीसी मंगेशच्या घरीच राहिला.

एकदा गडचांदूरवरून जात होतो, म्हणून घरी गेलो. काका ओसरीत बसले होते. आतून ओळखीचा बीप ऐकू आला. मला वाटलं मंगेश आला!

"कायचा मंगेश," काका म्हणाले. "ते तुमची काकू हाये. दर रविवारी सुरू करते, बटन दाबते, थोडा वेळ पंखे ऐकते, बंद करते. म्हणते, बंद ठेवलं का खराब होते. मी इथी दिवसभर बंद बसलो हाये, मले नाई विचारत!"

मी खूप हसलो. पण बसमध्ये बसल्यावर मात्र हसू राहिलं नाही. मला त्या खोलीची फार आठवण आली.

*

आता गेल्या दिवाळीचं.

मंगेश पुण्याहून येताना नवा कोरा कन्सोल घेऊन आला. "या पीसीच्या मागं आईला किती त्रास," तो आम्हाला म्हणाला. "दर वेळी उठून येते, गुडघे दुखतात तिचे. उद्या भंगारवाला आला की देऊन टाकू."

काकू दारात उभ्या होत्या. "देऊन टाका. माही बी सुटका होईल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला काही ते सहन होईना. पीसी वाचवायचा तर त्याची खोड काढायला हवी! मी तसाच बाजारात गेलो, नाण्याएवढी नवी बॅटरी आणली, जुनी काढून खिशात टाकली, नवी बसवली आणि एकदा तारीख-वेळ लावून दिली. मग पिन काढून पुन्हा खोचली आणि दोघांना म्हटलं, आता बघा.

पंखे फिरले. बीप नाही, काळा पडदा नाही, अडकणं नाही. पीसी सरळ पुढे गेला, अगदी कन्सोलसारखा!

"बघ, आता कोणाला त्रास नाही," मी मंगेशला म्हणालो.

तेवढ्यात पंख्यांचा आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. हाताला करंजीचं पीठ, एक बोट आधीच पुढे केलेलं. पडदा कधीच सुरू झालेला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"झालं का? बरं झालं."

बोट पदराला पुसलं आणि आत गेल्या. कोण जिंकून राह्यलं ते विचारलं नाही. आम्ही तिघंही जेवलो नव्हतो, तेही त्यांनी ओळखलं नाही. आतून भांड्यांचा आवाजसुद्धा येईना.

आम्ही गेम सुरू केला, पण खेळत कोणीच नव्हतं. मंगेश आतल्या दाराकडे बघत होता. मग तो उठला, पीसी बंद केला, पिन काढली आणि माझ्यापुढे हात केला.

"जुनी कुठी हाये?"

पुण्याला गेल्यापासून तो आमच्याशीसुद्धा आपल्या बोलीत बोलला नव्हता. मी खिशातून बॅटरी काढून दिली. त्यानं ती बसवली, पिन खोचली आणि पीसी सुरू केला.

लांब बीप. काळा पडदा. ढिम्म.

आम्ही तिघं हात मांडीवर ठेवून बसलो.

"आई," मंगेश ओरडला, "अटकलं!"

"काऊन? आत्ता तं झालं होतं ना?"

"झालं होतं. पुन्हा अटकलं."

"इतके शिकले तुम्ही, अन् एक मशीन तुमच्यानं चालत नाई!" काकू बाहेर आल्या. "व्हा दूर."

त्यांनी बटन दाबलं. पडदा उजळला. मग त्या कीबोर्डवर वाकल्या. टिकली झिजून नुसता डिंक उरला होता. त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि बटनावर दाबून बसवली.

"आता तरी ध्यानात ठेवा, कोणतं बटन हाये ते."

"हो," आम्ही तिघं म्हणालो.