निर्माल्याची पिशवी

मंडळी, आज सकाळी दादर चौपाटीवर कचरा उचलायला गेले होते. आमचा ग्रुप दर रविवारी जातो. गेल्या रविवारी जेवढा ढीग उचलला, तेवढाच भरतीने परत आणून टाकला होता.

मी गुडघाभर पाण्यात उभी राहून तुटक्या जाळ्यात अडकलेलं प्लास्टिक सोडवत होते. तेवढ्यात काठावरून एक काका म्हणाले, "ताई, तुम्ही पाण्यातच आहात, तर एवढं निर्माल्य सोडता का? माझे बूट भिजतील."

हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. मी मागचा निर्माल्य कलश दाखवला. ते म्हणाले, "देवाची फुलं अशी डब्यात कशी टाकायची?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. पिशवी घेतली आणि त्यांच्यादेखत कलशात रिकामी केली. ते समुद्राला नमस्कार करून निघून गेले.

घरी आले तर दाराच्या कडीला तशीच पिशवी लटकत होती. आतून आई म्हणाली, "अगं, तू रविवारी जातेसच ना, म्हणून समुद्रात सोडायला आठवडाभराची फुलं साठवली होती. न्यायची विसरलीस बघ."

माझे हातमोजे अजून ओलेच होते. तुमच्या घरी हे कोणी, कसं समजावलं, सांगाल का?