सरोजाक्कांची लालबाग

बंगळुरूच्या लालबागेत लोक सकाळी आरोग्य कमवायला जातात आणि संध्याकाळी फोटो काढायला. सरोजाक्का जायच्या भर दुपारी दोनला, तेही मार्चात, आणि पुढ्यात एक लग्नाळू मुलगा नि एक मुलगी घेऊन. तिथल्या मराठी घरांत लग्नं जुळवणं हा त्यांचा उद्योग होता. त्याचे त्या पैसे घेत नसत. त्यामुळे दोन्हीकडच्या मंडळींचा अपमान करायची त्यांना पूर्ण मोकळीक होती.

बसवनगुडीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि मी पुण्याहून नोकरीसाठी आले. अक्कांच्या मते फरक एवढाच, की ते आले आणि मी टपकले. "तुम्ही पुण्याचे लोक गाव सोडता गं, पण गाव काही तुमच्या तोंडातून जात नाही," त्या म्हणायच्या. मला हे कौतुक वाटायचं, यावरून माझी काय ती कल्पना यावी.

कांदेपोह्यांवर अक्कांचा काडीचा विश्वास नव्हता. उन्हाला त्या कानडीतल्यासारखं बिसिलू म्हणत. "पंख्याखाली बशी धरून बसलं की सगळेच सज्जन. स्वल्प बिसिलात चालव, मग कळतंय." म्हणून पश्चिमेच्या फाटकातून शिरायचं, तळ्याला वळसा घालायचा आणि शेवटी बागेतल्या मोठ्या खडकावर चढायचं. अक्का चार पावलं मागून. एकदा एक मुलगा सगळी सावली आपल्याकडे ठेवून चालला होता. त्याला त्यांनी तळ्यावरूनच घरी पाठवलं. दुसऱ्याने दिसेल त्या झाडाची माहिती मोबाईलवरून वाचून दाखवली. "ह्याला बायको कशाला," अक्का म्हणाल्या, "रेंज असली की झालं."

माझी तिशी उलटली तेव्हा आईने पुण्याहून फोन करून माझं प्रकरण अक्कांकडे वर्ग केलं. मुलगा नागपूरचा, अमेय, इथे इंदिरानगरातल्या एका ऑफिसात. मला तो फाटकातच आवडला. तिकिटाच्या रांगेत त्याने एका आजोबांना पुढे जाऊ दिलं, हे मी आईला सांगितलेलं कारण. खरं कारण म्हणजे तो दिसायला फार चांगला होता.

तिथून पुढे माझ्या जिभेला जणू कोणी गूळ चोळला. गुलाबी टॅबेबुया फुलला होता आणि त्याखाली पंधरावीस माणसं झाडाकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होती. एरवी यावर मी अर्धा तास बोलले असते.

"किती छान ना," मी म्हणाले.

"मला अ‍ॅक्च्युअली घरी शांतता लागते," अमेय म्हणाला. "आमच्याकडे लेडीज मोठ्याने बोलत नाहीत."

"मलाही शांतताच आवडते."

मागे अक्का खोकल्या.

खडकावर पोहोचेपर्यंत त्याचा निर्णय झाला होता. "मला पसंत आहे, मावशी," तो म्हणाला.

"मला नाही," अक्का म्हणाल्या. "तू बरा आहेस. ही मुलगी खोटी आहे. काल ही मीटरवरून ऑटोवाल्याशी भांडली ती अख्ख्या गल्लीने ऐकली. आज तुझ्याबरोबर चालली ती कोण, मला ठाऊक नाही. उद्या रविवार आहे, परत ये. उद्या खरीला घेऊन येते."

परतताना मी त्यांच्याशी बोलले नाही. मला तो मुलगा हवा होता, आणि हातातोंडाशी आलेला घास या बाईने उडवला होता. "सरी, बरं तर," त्या एवढंच म्हणाल्या, "उद्याही गप्प चाल. लग्न होऊन जाईल."

त्या वाक्यानंतर मला गप्प चालणं जमेना. रविवारी मी बोलले. फोटोवाल्यांवर, त्याच्या ऑफिसावर, शांत घरातल्या लेडीजवर, जे सुचलं ते. आधी तो हसला. काचघराशी हसणं थांबलं. तळ्यापाशी त्याने विचारलं, "तू नेहमीच इतकं बोलतेस?"

"आज उन्हामुळे जरा कमी आहे," मी म्हणाले.

त्यावर त्याला एक मीटिंग आठवली. रविवारी दुपारी तीनला. खडकापर्यंत तो आलाच नाही.

मी तळ्याकाठच्या बाकावर बसून रडले. अक्का शेजारी येऊन टेकल्या.

"झालं समाधान?" मी म्हणाले.

"मला इथंच दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या यजमानांना. मी एक शब्द बोलले नाही. त्यांना तेच आवडलं."

"मग?"

"मग काय. ते होते तोवर बोललेच नाही. ते गेल्यावर एकदा मी दूधवाल्यावर ओरडले, तर आतून सून धावत आली. म्हणाली, घरात कोण बाई आलीये?"

मला काही बोलायला सुचलं नाही. ते बघून अक्का म्हणाल्या, "अय्यो, तू पण गप्प बसू नको आता. ऊठ."

अक्का जाऊन दोन वर्षं झाली. माझं लग्न अजून जमलेलं नाही आणि आई त्याचा सगळा दोष त्यांना देते. मी देत नाही. मला त्यांची फार आठवण येते, आणि आली की मी कुणाशी तरी मोठ्याने भांडून घेते.