बदली येईपर्यंत

माईकवर बोलण्याआधी ते दोनदा फुंकर मारायचे. मग मनगटावरचं घड्याळ वर सरकवून म्हणायचे, "ऐका. सोलापूर गाडी येतीय. हितंच थांबा." गाडी दोन तास मागं असली तरी हेच. 'उशीर' हा शब्द त्यांनी माईकवर कधी उच्चारला नाही. मी एकदा कारण विचारलं.

"पेपरवाले, उशीर म्हणलं की माणूस उठून जीपमधी जाऊन बसतंय. येतीय म्हणलं की धीर धरतंय."

आमच्या स्टँडचे ते कंट्रोलर. असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या स्टँडवर पाहिला असेल. गाडी कुणामुळंही चुकू दे, लोक ओरडतात त्याच्याच खिडकीवर. माझा पेपरचा स्टॉल त्या खिडकीला लागून, त्यामुळं त्यांच्या वाट्याच्या शिव्यांतला चार आणे हिस्सा वीस वर्षं मलाही मिळाला. आता ते निवृत्त होऊन शेताकडं गेलेत. खिडकीवर लाल अक्षरांची विजेची पाटी आली आहे आणि ती बिनदिक्कत 'विलंब' असं लिहून मोकळी होते.

नियमाला माणूस भलता कडक. बदली माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, म्हणजे नाही. एकदा दुपारपाळीच्या माणसाचीच गाडी वाटेत बंद पडली, तर हे संध्याकाळपर्यंत जागचे हलले नाहीत. मी माझा डबा खिडकीतून आत सरकवला. "आमटीत मीठ कमी हाय," असं म्हणत त्यांनी तो पुसून खाल्ला आणि घरी जाऊन मला पुन्हा तव्यावरची भाकरी मागावी लागली.

त्यांचा एकुलता मुलगा बोटीवर नोकरीला लागला. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की पोरगं टँकरवर लागलं म्हटल्यावर अर्ध्या स्टँडला वाटलं, गावोगाव पाणी वाटत असणार. हे मात्र ऐटीत सांगायचे, "तेलाचं जहाज हाय. आपल्या स्टँडाएवढे चार स्टँड मावतील."

आणि तेच जहाज अडकलं. त्यात इराणचं तेल होतं, आणि त्या तेलावर अमेरिकेनं बंदी घातलेली. जहाजाचं नाव बंदीच्या यादीत गेलं. मग कुठलंच बंदर त्याला आत घेईना, मालक फोन उचलेना. आखातात किनारा दिसेल इतक्या अंतरावर नांगर टाकून जहाज उभं, आणि आत अकरा माणसं.

तोवर ते माझ्याकडून पेपर घ्यायचे तो पिकाचा भाव आणि मयताच्या बातम्या वाचायला. आता सकाळी गठ्ठा सोडायच्या आत खिडकीतून हात बाहेर यायचा. "पेपरवाले, परदेशाचं पान द्या आधी." मग विचारायचे, "आज अमेरिकेचं काय म्हणणं हाय?" लग्नात रुसलेल्या व्याह्याची चौकशी करावी तसं. बघता बघता सगळा स्टँड निर्बंधातला जाणकार झाला. कंडक्टर तिकिटाचं मशीन काखेत धरून डॉलरवर वाद घालू लागले.

एकदा बोटांवर मोजत मला म्हणाले, "तेल इराणचं, बंदी अमेरिकेची, मालक दुबईचा, बोटीवर झेंडा चौथ्याच देशाचा. आन् आत पोरगं माझं. आपल्या गाडीवर डेपोचं नाव लिव्हलेलं असतंय. ह्या बोटीचा डेपो कुठला, तेवढं सांगा. म्या तिथं जाऊन बसतो."

मोठे देश एकमेकांचे हात पिरगाळतात तेव्हा पेपरात ते फार रुबाबदार दिसतं. 'दबाव वाढवला', 'नाक दाबलं' असे मथळे मी वर्षानुवर्षं विकले. ते नाक कुणाचं, हे मला त्या खिडकीत बसलेल्या माणसामुळं कळलं.

मुलाचा फोन आठवड्यातून एकदा लागायचा. पाणी मोजून मिळतं म्हणाला, पण काळजी करू नका, तुटपुंज्या पाण्याची आपल्याला सवय आहे. हे सांगताना ते हसले, आणि मग बराच वेळ रजिस्टरची पानं उलटत बसले. कुणी विचारलं, साहेब, पोराचं काय? तर ठरलेलं उत्तर, "येतोय."

जहाजाच्या ऑफिसला, खासदाराला, वकिलातीला, सगळीकडं त्यांनी पत्रं धाडली. मसुदा माझा, पण एक वाक्य ते हट्टानं घालायला लावायचे: 'आमच्यात गाडी बंद पडल्यास तेच तिकीट पुढच्या गाडीला चालते, तरी मुलास दुसऱ्या बोटीत बसवून द्यावे.' मी ते खोडलं नाही.

नवव्या महिन्यात वकिलातीचं उत्तर आलं. जहाज बेवारस सोडता येत नाही, ठरावीक माणसं त्यावर ठेवावीच लागतात. बदली माणूस मिळाला की मुलाला उतरता येईल. परंतु यादीतल्या जहाजावर चढायला कुणी तयार नाही.

ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या दुपारी त्यांनी लोहारा गाडी लातूर म्हणून पुकारली आणि पंधरा-वीस माणसं भलत्याच गाडीत चढली.

दोन दिवसांनी म्हणाले, "उद्या सुट्टी हाय. सास्तूरला येता का माझ्यासंगं?"

सास्तूरला कोण, हे मला माहीत होतं. एक निवृत्त ड्रायव्हर. फार वर्षांपूर्वी त्याची गाडी रस्त्यात बंद पडली. प्रवासी मागच्या गाडीत बसवून तो मेकॅनिकची वाट बघत थांबला होता. तेवढ्यात आई शेवटच्या घटका मोजतेय असा निरोप आला. त्यावरही चार तास वाट बघून शेवटी त्यानं चावी समोरच्या हॉटेलवाल्याकडं दिली आणि गावाकडं निघून गेला. आमच्या कंट्रोलरांनी रिपोर्ट लिहिला: 'गाडी बेवारस सोडली.' चौकशी लागली, पगारवाढ थांबली. पुढं नोकरी संपेपर्यंत तो ड्रायव्हर खिडकीशी आला की तोंड फिरवूनच नोंद करायचा.

भूकंपानंतर बांधलेल्या घरांच्या सरळ ओळीत आम्ही त्याचं घर शोधलं. तो बाजेवर दावं वळत बसला होता. "या," म्हणाला, आणि दावं वळतच राहिला.

कंट्रोलर उभ्यानंच बोलले. "पोरगं बोटीवर अडकलंय. बदली माणूस येईपर्यंत उतरता येत न्हाय म्हणतेत."

"नियमच हाय की तो, साहेब."

"व्हय. म्याच रिपोर्ट लिव्हला हुता तुमच्यावर. चुकलं माझं."

ड्रायव्हरचे हात थांबले. आतून चहा आला. मग त्यानं विचारलं, "किती दिस झालं?"

"नऊ महिनं."

"म्या चार तास बसलो हुतो गाडीत. चार तासात जीव नुसता तुटत हुता." त्यानं कप उचलून कंट्रोलरांच्या हातात दिला. "बसा. नऊ महिनं म्हंजे लई झालं."

निघताना तो मोटरसायकलपर्यंत आला. "पोरगं यायच्या दिवशी कळवा. म्या येतो."

त्यानंतर पाच महिन्यांनी जहाज सुटलं. नाव यादीतून निघालं की तेल दुसरीकडं उतरवलं, हे नीट कुणालाच कळलं नाही. माझ्या एकाही पेपरात त्याची ओळ नव्हती.

मुलगा सोलापूरहून गाडीत बसला. वाटेतली तामलवाडी सोडल्याचा त्याचा फोन आला तेव्हा हे खुर्चीतच होते. गाडीची वेळ झाली तशी नेहमीसारखी दोनदा फुंकर मारली. "ऐका. सोलापूर गाडी..." तेवढ्यात गाडी आवारात वळली. पाठीवर पिशवी घेतलेला, काळवंडलेला, गालफडं बसलेला मुलगा उतरला.

ते अर्धवट उठले, आणि घड्याळ बघून पुन्हा बसले. दुपारपाळीचा माणूस यायला अजून अर्धा तास होता. मला असा राग आला!

"उठा की साहेब!"

"बदली न्हाय आली अजून," ते म्हणाले आणि रजिस्टर पुढं ओढलं.

सास्तूरचा ड्रायव्हर सकाळपासून माझ्या स्टॉलशी उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली, दार ढकललं आणि आत गेला.

"उठा साहेब. बदली आलीया."

माईक चालूच होता, त्यामुळं ते सगळ्या स्टँडला ऐकू गेलं.

चष्मा रजिस्टरवर तसाच टाकून ते बाहेर पडले. मुलासमोर जाऊन उभे राहिले, आणि सवयीनं मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं.

"लई उशीर झाला रे," म्हणाले.