सिनेमातल्या इन्स्पेक्टरची खुर्ची

सूत वेळेवर आलं नाही की आमच्या गल्लीतले माग बंद पडतात आणि माग बंद पडले की तोंडं सुरू होतात. म्हणून आम्हा विणकरांकडे धोतरांपेक्षा किस्सेच जास्त. त्यातले निम्मे एका पोलिसी सिनेमाने दिलेत!

त्या सिनेमात चोरीचा आळ आलेल्या हमालाला ठाण्यात आणतात. आम्हाला वाटलं, आता याची धुलाई. पण तपास करणारा हॅटवाला इन्स्पेक्टर त्याला खुर्ची देतो आणि तो बसल्यावरच पहिला प्रश्न विचारतो. पुढच्या बाकांवरून अशा शिट्ट्या पडल्या की तो प्रश्न कोणाला ऐकूच आला नाही. तो ऐकायला आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो. परत तेच!

*

आमच्यातला नामदेव गांधीबागेच्या बाजारात सूत आणायला गेला. विणकराने दुकानाच्या दारात उभं राहायचं, ही तिथली रीत. नामदेव थेट शेठजींच्या गादीवर जाऊन बसला. हे काय म्हणून शेठजींनी ताडकन उठून विचारलं.

"खुर्ची दिसली नाई, म्हणून इथं बसलो. तुम्ही बी बसा ना."

*

धनराज तर त्या सिनेमाचा भक्तच. एकदा सूत आणायला म्हणून निघाला आणि सिनेमा पाहून रिकाम्या हाताने घरी आला. त्याची बायको सखू भांडली नाही. तिनेही सिनेमा पाहिला होता. तिने पाट मांडला.

"आधी बसा. मंग सांगा, कुठं होते?"

*

गल्लीतले मास्तर म्हणाले, सिनेमाने तुम्ही बिघडलात. बिघडलो तर बिघडलो! पुढे कितीतरी पोलिसी सिनेमे आले. सगळ्यांनी त्या इन्स्पेक्टरची हॅट उचलली, खुर्ची एकानेही उचलली नाही. याचा मला आजही राग येतो.

*

इंग्रज गेले होते, पण ठाण्यातली रीत गेली नव्हती. एका दुकानातून रेशमाच्या लडी चोरीला गेल्या आणि संशयावरून धनराजला बोलावणं आलं. आम्ही ठाण्याच्या दाराशी उभे. चोर म्हणून नाव झालं असतं तर त्याला कोणीच सूत दिलं नसतं, माग कायमचा बंद. इन्स्पेक्टरने माल कुठे आहे म्हणून दरडावलं.

"आधी खुर्ची द्या साहेब, मंग इचारा."

खुर्ची सभ्य माणसांसाठी असते, तू खाली बस, असं उत्तर मिळालं. धनराज खाली बसला नाही आणि बोललाही नाही. कोठडीची धमकी झाली, शिव्या झाल्या. उन्हाळ्याचे दिवस, तो सकाळपासून उभाच.

दुपार कलल्यावर कन्हानच्या ठाण्यातून निरोप आला. खरा चोर मालासकट सापडला होता. इन्स्पेक्टर मान वर न करताच म्हणाला, जा. आम्ही धनराजला न्यायला आत धावलो. तो जागचा हलेना.

"मी बसल्याबिगर जात नाई."

इन्स्पेक्टरने दाराकडे पाहिलं. तोवर अख्खी गल्ली तिथे जमली होती. त्याने शिपायाला डोळ्यांनी खुणावलं. शिपायाने खुर्ची आणून ठेवली. धनराज बसला, सुजलेले पाय पुढे पसरले, टोपी नीट केली.

"हां साहेब, आता इचारा."