आक्कांचं चॅनल

आमच्या घरमालकीण आक्का संगणकाचं घड्याळ मागं करायच्या. भिंतीवर सव्वासात आणि संगणकात पावणेसात!

"आक्का, पुन्हा घड्याळाला हात लावलात?"

"मग? उरवड्याच्या कंपनीची बस आली न्हाई अजून. बाया घरी पोचल्याबिगर पिच्चर कसा सुरू करू?"

२००४ साली परभणीहून नोकरीसाठी आलो आणि पिरंगुटला आक्कांच्या माडीवर खोली घेतली. त्यांचे यजमान गावात केबलच्या तारा ओढायचे आणि खाली किराणा दुकानामागच्या खोलीतून आक्का गावचं चॅनल चालवायच्या. दुपारी भजनं, पाच वाजता नाटक, संध्याकाळी सात वाजता सिनेमा. दिवसभर उठून त्या सीड्या बदलायच्या. मला दया आली आणि महिनाभर रविवार घालवून मी त्यांना एक सॉफ्टवेअर लिहून दिलं. यादी भरा, वेळा घाला, कार्यक्रम आपोआप लागतील.

लागायचेही, पण आक्का लागू द्यायच्या नाहीत. आज घड्याळ मागं, उद्या पुढं. त्यामुळे भजनं गायब व्हायची, सिनेमा मध्येच तुटायचा आणि लोक मला रस्त्यात अडवायचे. मी ओरडलो की म्हणायच्या, "तुझं यंत्र लई शानं हाय रं, पर त्याला शेजारी न्हाईत."

शेवटी दिवाळीला गावी जाताना मी चिडून सगळ्याला पासवर्ड घातला आणि चार दिवसांची यादी लावून टाकली.

दुसऱ्याच दिवशी मागच्या गल्लीतल्या सुमनबाईंचा नवरा अचानक गेला. गावात कुणी गेलं की अंत्यविधी होईपर्यंत चॅनल बंद, हा आक्कांचा शिरस्ता. त्या बंद करायला गेल्या, तर संगणक पासवर्ड मागू लागला. त्यांनी पडद्याचं बटण दाबलं, पडदा काळा झाला. बंद झालं असं समजून त्या सुमनबाईंकडे गेल्या. भजनं तेवढ्यात संपलीच होती, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पाच वाजता लोक तिरडी उचलायला वाकले आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत टीव्हीवर विनोदी नाटक सुरू झालं. टीव्हीतले प्रेक्षक खो-खो हसू लागले. आक्का धावत घरी आल्या आणि त्यांनी वायरच उपटली.

मी परतलो तेव्हा चॅनल बंदच होतं. काय झालं ते आक्कांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, याचाच मला जास्त राग आला. मी पासवर्ड काढला. विषय संपला असं मला वाटलं.

दोन-तीन महिन्यांनी पौडच्या बसमध्ये सुमनबाई शेजारी बसल्या. आपणहून म्हणाल्या, "आक्का आल्त्या त्या रातीच. पाया पडत व्हत्या. म्हनल्या, माझ्याच हातनं चुकून लागलं. मोठं मानूस, पर म्या दोन म्हैने बोलले न्हाई त्यांच्याशी."

मी घरी येऊन आक्कांवर भडकलो. "चूक माझी होती! तुम्ही स्वतःचं नाव का सांगितलंत?"

आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू भाड्यानं ऱ्हातुयास. गाव तुझ्यावर फिरलं असतं तर कुटं गेला असतास? मला काय, आज बोलत न्हाईत, उद्या बोलतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमनबाईंकडे जाऊन खरं सांगितलं.  त्यांनी आत जाऊन चहा टाकला.

आक्कांना हे कळलं तेव्हा मात्र त्या संतापल्या. "तिचं दुःख परत उकरून काडलंस! सवताचं मन हलकं कराया गेल्तास व्हय?"  आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. एरवी त्या मला खाली बोलावून जेवायला वाढायच्या, आता जेवणाचा डबा यजमानांच्या हाती वर येई.

सहा वर्षं मी त्या माडीवर काढली. त्यांतले तेवढे आठच दिवस मी तिथं भाडेकरू होतो.