तीननंतर या

आमच्या डहाणूच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारे एक कारकून दुपारी दीडला खिडकी लावून डबा उघडतात. पाड्यांवरून आलेले अर्जदार तीनपर्यंत ओट्यावर बसून राहतात.

पण वापीच्या दिवाळी सेलला निघताना ह्याच कारकुनांची घाई बघावी! आठ दिवस आधी कागदावर आखणी: त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, साड्यांकडे, मी पिशव्या सांभाळणार, हे बिलाच्या रांगेत. "एक मिनिट वाया घालवायचं नाही!"

सेलमध्ये तासभर रांगेत उभं राहिल्यावर ह्यांचा नंबर आला आणि काउंटरवाल्याने जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. रांग खवळली. हे मात्र मागे वळले आणि खिडकीतल्या रोजच्या आवाजात म्हणाले, "माणसाने जेवायचं नाही का? तीननंतर या."

स्वतःही निघाले. वहिनी साडी कवटाळून तिथेच खाली बसल्या.

"तुम्ही या जेवून," त्या म्हणाल्या. "अर्जदार इथेच बसलाय."